सात फुटांचा आडोसा

कुंपण घालायचं हे हिने एका रविवारी सकाळी ठरवलं. चहाचे कप विसळता विसळता म्हणाली, "सात फुटी घालूया. लाकडी फळ्यांचं. मध्ये एक फटसुद्धा नको."

मी लगेच हो म्हणालो. सव्वा वर्षात या घरात पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी हवंय म्हणून बोललं होतं. तिने डोंगर मागितला असता तरी मी हो म्हणालो असतो.

ही म्हणजे माझी बायको. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. अर्ध्या मिलिमीटरची चूकही तिला खपत नाही. मी बसडेपोत टाइमकीपर आहे. कोणती गाडी किती वाजता सुटली आणि किती उशिरा आली, ते लिहायचं माझं काम. दोघंही तशी नेमकेपणाची माणसं. तरीही आमच्या घरात जे व्हायचं ते झालंच.

सव्वा वर्षापूर्वी आमची ठकू गेली. चार वर्षांची होती. आमच्या आणि शेजारच्या प्लंबरच्या परसांमध्ये कंबरेएवढं तारेचं कुंपण होतं, आणि त्या तारेत एक भगदाड होतं. त्यातून ठकू पलीकडे जायची, प्लंबरच्या मुलीकडे. ती ठकूपेक्षा पाच वर्षांनी मोठी, म्हणून ठकू तिला ताई म्हणायची. मग आम्ही मोठी माणसंही तिला ताईच म्हणायला लागलो. शनिवारची दुपार होती. ही दुकानात होती. मी घरी इस्त्रीची वायर जोडत बसलो होतो. ठकू पलीकडे गेलीय हे मला माहीत होतं. ताई आजीकडे राहायला गेलीय हे मात्र माहीत नव्हतं. प्लंबरला कोणाचा तरी फोन आला, पाइप फुटलाय, घरभर पाणी झालंय. तो धावत येऊन व्हॅनमध्ये बसला आणि व्हॅन मागे घेतली. मागे ठकू खडे गोळा करत बसली होती.

चौकशी झाली. प्लंबरचा दोष नाही असं लिहून आलं. कोणाचाच दोष नाही, असंही त्यात एक वाक्य होतं. ते मी पुष्कळदा वाचलं. ते खरं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि प्लंबरला माहीत होतं.

कारण ते भगदाड मी पाडलं होतं. ठकू तारेवरून चढायची, दोनदा तिचा फ्रॉक फाटला, एकदा पोटरीला ओरखडा आला. एका संध्याकाळी मी पक्कड घेऊन तार कापली. प्लंबरने पलीकडून तार ताणून धरली होती. "कापा बिनधास्त," म्हणाला, "पोरींना कसलं आलंय कुंपण." आम्ही दोघं हसलो होतो. हिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, गंजून तुटली. उगाच वाद नको म्हणून. पुढे चौकशीला आलेल्या माणसाने प्लंबरला विचारलं, तार कशी तुटली? तोही माझ्याकडे न बघता म्हणाला, गंजून.

त्या दिवसापासून त्याने व्हॅन घराशी उभी केली नाही. दोन गल्ल्या सोडून लावायचा आणि हत्यारांची जड पेटी खांद्यावर घेऊन चालत यायचा. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या परसावर उघडते. तो येताना दिसला की ही गॅस बारीक करून आतल्या खोलीत निघून जायची. तो दिसेनासा झाला की परत यायची. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. भाजी किती वेळा करपली असेल, मी मोजलं नाही.

सोमवारी कुंपणवाला आला. बडबड्या माणूस. टेप लावून अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजलं आणि म्हणाला, "भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या फळ्यांना तेही नसतात. चार दिवसांत उभं करून देतो. मुंगीला वळसा घालून जावं लागेल." ही दारात उभी राहून ऐकत होती. "फळी फळीवर चढवून बसवा," एवढंच म्हणाली. "वाळली की फट पडते."

माझी थोरली बहीण त्या दिवशी आली होती. तिला सगळे आक्का म्हणतात. ती म्हणाली, "बरं केलंस वहिनी. दृष्टीआड सृष्टी. रोज उठून त्याचं तोंड कशाला बघायचं?"

जाता जाता कुंपणवाल्याने माझ्या हातात एक कागद ठेवला. "एवढं उंच घालायचं तर शेजाऱ्याची सही लागते. कचेरीचा नियम आहे. तेवढी घेऊन ठेवा."

हिने कागदाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे जाणं मलाच भाग होतं.

सव्वा वर्षात मी त्यांच्या दारात गेलो नव्हतो. बेल वाजवली. दार प्लंबरच्या बायकोने उघडलं. मला बघून ती दोन पावलं मागे झाली. मग "या ना" म्हणाली, अगदी हळू.

आत दुपारीही दिवा लावलेला होता. आमच्या बाजूच्या तिन्ही खिडक्यांना आतून पुठ्ठे लावले होते, पाइपांच्या खोक्यांचे, कडेने चिकटपट्टी मारून. ताई जमिनीवर बसून गृहपाठ करत होती. तिने मान वर केली, आईकडे पाहिलं आणि वही उचलून आत गेली. पाऊल वाजू न देता. दहा वर्षांच्या मुलीला असं चालता येतं, हे मला माहीत नव्हतं.

प्लंबर बाहेर आला. वाळला होता. मी कागद पुढे केला आणि कुंपणाचं सांगितलं. त्याने वाचलासुद्धा नाही, खिशातलं पेन काढून सही केली.

"दहा फुटी घाला," तो म्हणाला. "सात कशाला? खड्डे मी खणून देतो. वहिनी कामावर गेल्या की येईन, त्यांना दिसणार नाही."

"तसं नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, एक विचारू का? राग नका मानू. आम्ही रोपवाटिकेत जाऊन आलो होतो. मेंदी लावावी म्हणून. आमच्याच बाजूने, आमच्याच जागेत. तुमचा आडोसाही होईल आणि... फळ्या नसतील. पण तुम्हाला विचारायचं तोंड नव्हतं."

"गप बस," प्लंबर म्हणाला. "त्यांना जे हवं ते त्यांनी करावं."

"मी कुठे नाही म्हणतेय? मी फक्त सांगतेय. पुठ्ठ्यांमुळे आधीच अंधार आहे. फळ्या आल्या की परसातही अंधार. पोरीने कुठे जायचं?" तिचा आवाज चिरकला. "आम्हाला काही म्हणायचा हक्क नाही, ते कळतं मला. तरी म्हटलं."

मी सही घेऊन निघालो. पण घरी न जाता रोपवाटिकेत गेलो. ती चालवणारी म्हातारी बाई गुडघाभर चिखलात उभी होती. मेंदी माणसाच्या उंचीची व्हायला किती दिवस लागतील, असं मी विचारलं. ती हसली. "दिवस? तीन वर्षं धरा. पहिल्या वर्षी ती नुसती जीव धरते. तुम्हाला वाटेल मेली. ओढून बघू नका म्हणजे झालं."

संध्याकाळी मी हे सगळं हिला सांगितलं. पुठ्ठ्यांचंही सांगितलं. ती कणीक मळत होती. ऐकता ऐकता हात थांबले.

"तीन वर्षं?"

"हो."

"म्हणजे तीन वर्षं मी त्याला येता-जाता बघायचं. रोज थोडं थोडं कमी. तुम्हाला काही वाटतं का?"

"वाटतं म्हणूनच..."

"तुम्हाला त्याचा राग का येत नाही हो?" ती एकदम ओरडली. तिचा ओरडलेला आवाज मी विसरलो होतो. "सव्वा वर्ष बघतेय मी. एकदाही तुम्ही त्याला शिवी दिली नाहीत. एकदाही नाही! तुमची नव्हती का ठकू?"

मग मला ते दाबून ठेवता आलं नाही. मी म्हणालो, "तार गंजली नव्हती. मी कापली होती."

मला वाटलं, आता घर डोक्यावर कोसळेल. पण तिने परातीत बोटं टेकवली आणि शांतपणे म्हणाली, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. गंजलेली तार अशी तुटत नाही. कापलेली टोकं तुम्ही पकडीने आत वळवून ठेवली होती, तिला लागू नये म्हणून. मी दिवसभर काचांच्या कडा तपासते, मला कळणार नाही?" तिने बोटांची कणीक खरवडली. "त्याचा राग केला की तुमचा करावा लागत नाही. म्हणून तो मला पुरवून पुरवून वापरावा लागतो. आता तुम्ही तेही काढून घ्या."

मला रडू आलं. ठकूच्या वेळी आलं नव्हतं तसं. मी स्टुलावर बसून राहिलो. तिने मला जवळ घेतलं नाही आणि ती बाहेरही गेली नाही. हात धुतले, परत कणीक मळायला घेतली. जेवायला आम्ही समोरासमोर बसलो आणि काही बोललो नाही. पण पाणी तिने माझ्यासाठीही ओतलं.

पुढचे तीन दिवस असेच गेले. मी डेपोत गाड्यांच्या वेळा चुकीच्या लिहिल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी बोलावून विचारलं, बरं नाही का. गुरुवारी फळ्या येऊन पडल्या. अंगणात चळत लागली, ताज्या लाकडाचा वास घरात येऊ लागला. शनिवारी खड्डे खणायचे ठरले होते.

शुक्रवारी तिला सुट्टी होती आणि माझी दुपारची पाळी होती, म्हणून सकाळी दोघं घरी होतो. मी पेपर वाचत होतो. ती खिडकीशी भांडी पुसत होती. पलीकडे ताई दोरीवरच्या उड्या मारत होती. उड्या मारायची, पण तोंडाने मोजत नव्हती. नुसते ओठ हलायचे. एकदा दोरी पायात अडकून ती धपकन पडली आणि हसली. लगेच आतून तिच्या आईचा आवाज आला, दबका, घाईचा. "शू! हळू! काकू ऐकतील ना."

ताईने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. गुडघ्यातून रक्त येत होतं, तरी तोंडावरचे हात तिने काढले नाहीत. आमच्या खिडकीकडे बघत तशीच बसून राहिली.

हिच्या हातातली वाटी खाली पडली. मी उठेपर्यंत ती मागच्या दाराने बाहेर गेली होती, ओल्या हातांनी. तारेपाशी जाऊन उभी राहिली. ताई घाबरून उठली, मागे सरकली.

"लागलं का?" हिने विचारलं.

ताईने मान हलवली. नाही म्हणून.

"खोटं बोलू नकोस. रक्त येतंय."

तिची आई दारात येऊन खिळल्यासारखी उभी होती.

"किती झाल्या होत्या?" हिने विचारलं.

"काय?"

"उड्या. किती झाल्या होत्या?"

"अठ्ठावीस," ताई म्हणाली. कुजबुजल्यासारखी.

"मोठ्याने मोजायचं. मनात मोजलं की चुकतं." हिने ओले हात पुसले. "गुडघा धुऊन ये, आणि मग मोठ्याने मोज. मला आत ऐकू आलं पाहिजे."

ती घरात आली आणि खिडकीशी उभी राहिली. बाहेर बराच वेळ काही नाही. मग दोरी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला आणि ताई मोजू लागली. एक, दोन, तीन. आधी भीतभीत. दहाच्या पुढे नेहमीच्या आवाजात. ही खिडकीची चौकट धरून उभी राहिली आणि रडली. ताई एक्केचाळीसपर्यंत गेली. मग अडकली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

"ठकूला बारापर्यंतच यायचं," ही म्हणाली. "नंतर परत सात."

"हो. तेरा आवडायचा नाही तिला."

ठकूबद्दल आम्ही एकमेकांशी बोललो, ते सव्वा वर्षात तेव्हा पहिल्यांदा.

दुपारी मी कामावर निघताना ती म्हणाली, "कुंपणवाल्याला सांगा, फळ्या घेऊन जा." मी चप्पल घालता घालता थांबलो. "माझं मन बदललं म्हणून नाही," ती म्हणाली. "मला त्याला बघवत नाही ते नाहीच. पण त्या पोरीने काय केलंय? सात फूट घातले तरी आवाज वरून येणारच. मग ती माणसं पलीकडे पुठ्ठ्याआड कुजबुजत राहणार आणि मी अलीकडे कान लावून. हे असं जन्मभर? त्यापेक्षा हळूहळू होऊ दे काय व्हायचं ते."

रविवारी मेंदी लावली. एक हात उंचीची काटकुळी रोपं, नव्वद. रोपवाटिकेच्या बाईने तारेच्या कडेने दोरी ताणून दिली. चर आम्ही चौघांनी खणला, दोघं या बाजूने, दोघं त्या. प्लंबर लांबच्या टोकाला होता. ही या टोकाला. मध्ये त्याची बायको आणि मी. ताई रोपं आणून देत होती आणि प्रत्येकाला "हे घ्या" म्हणत होती. प्लंबरने रोपांसाठी बारीक नळी आणली होती, थेंब थेंब पाणी पडेल अशी. तो गुडघ्यांवर बसून ती अंथरत अंथरत पुढे सरकत होता. काम संपत आलं तेव्हा तो हिच्यापासून दोन हातांवर येऊन पोहोचला. मान खाली होती. हीही मातीत हात घालून बसली होती.

ती म्हणाली, "मला एक विचारायचंय."

त्याचे हात थांबले.

"तुम्ही तिला उचललंत. मी पोहोचले तोवर ती... तुमच्याजवळ होती ती. दहा-बारा मिनिटं. काही म्हणाली का?"

त्या दिवशी मी धावत गेलो आणि रस्त्यावर गाडी शोधायला पळालो, गाडी मिळेपर्यंत परत आलो नाही. म्हणजे मीही तिच्याजवळ नव्हतो. ती शेवटी काय म्हणाली, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं, आणि विचारायचं कोणाला, तर त्यालाच.

प्लंबरने मान वर केली नाही. "चप्पल म्हणाली," तो म्हणाला. "तिची एक चप्पल पायातून निघाली होती. माझी चप्पल, असं दोनदा म्हणाली. मी उचलून घातली. उलट्या पायात घालत होतो, माझं लक्ष नव्हतं. तर म्हणाली, असं नाही काका. मग सुलट घातली. मग..." तो नळीवरची माती पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "रडली नाही. घाबरलेली वाटली नाही. मी तिला धरून बसलो होतो. देवाशपथ, सोडली नाही."

ही ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा आवळलेला नव्हता. ती म्हणाली, "चप्पल सुलटच लागायची तिला."

नंतर तिने शेवटचं रोप चरात उभं धरलं. तो बाजूने माती लोटू लागला. कोणी कोणाचं सांत्वन केलं नाही.

पहिल्या वर्षी मेंदी मेल्यासारखीच दिसली. आक्का येऊन म्हणाली, "हे कुंपण? याच्यातून हत्ती जाईल." सतरा रोपं खरंच मेली, ती बदलली. त्या वर्षी ही आणि प्लंबर एकमेकांना रोज दिसत राहिले. पहिले काही महिने ती आत निघून जायची. पुढे एकदा गेली नाही, गॅसवर दूध होतं म्हणून. मग जाणं कमी होत गेलं. माझ्यावरचा राग तिने मग उघडपणे काढला. दोन महिने आम्ही फार भांडलो, इतके की मी आक्काकडे जाऊन राहायचा विचार केला होता. गेलो नाही. पलीकडच्या खिडक्यांचे पुठ्ठे एकेक करून निघाले. शेवटचा निघाला तो दिवस मी पाहिला नाही, एके सकाळी तिथे नुसती काच होती.

माफ केलंस का गं त्याला, असं आक्का अजून विचारते. हिला तो शब्द आवडत नाही. "तुमचं आपलं काहीतरीच," म्हणते आणि विषय बदलते. आम्ही त्यांच्या घरी जात नाही, तेही येत नाहीत. मेंदीवरून जे बोलायचं तेवढं बोलतो.

यंदा तिसरं वर्ष. मेंदी माझ्या डोक्याच्या वर गेली आणि दाटही झाली. मागच्या रविवारी प्लंबर त्याच्या बाजूने लांब दांड्याची कात्री घेऊन उभा होता. पलीकडून फक्त त्याची टोपी दिसत होती. त्याने हाक मारली, "भाऊ, वहिनींना विचारा, किती उंच ठेवायची? म्हणत असतील तर अशीच वाढू देतो."

मी आत जाऊन विचारलं. ती हात पुसत स्वतःच बाहेर आली. मेंदीपाशी गेली, टाचा उंच करून पाहिलं, मग खांद्याला हात लावून दाखवला आणि त्याला ते दिसणार नाही हे लक्षात येऊन मोठ्याने म्हणाली, "माझ्या खांद्याएवढी ठेवा. वरचं सगळं काढा."

"खांद्याएवढी?" त्याने पुन्हा विचारलं.

"हो. आणि सरळ कापा, मागच्या वेळी उतरती झाली होती."

पलीकडून कात्रीचा आवाज सुरू झाला. ही घरातून आमची कात्री घेऊन आली आणि दुसऱ्या टोकापासून कापू लागली.